पोटात चीज, चीजमध्ये ठेचा: घरी केलेला तिखट बर्गर

बर्गरवर चीजची चकती ठेवायला दोन सेकंद लागतात. तेच चीज खिम्याच्या पोटात घालून, तव्यावर भाजून, न फुटता ताटात आणायचं म्हटलं की दुपार जाते. त्यात आमचं घर कोल्हापूरचं. नुसतं चीज चालत नाही, तिखट पाहिजे. म्हणून प्रश्न दोन झाले: चीज आत कसं टिकवायचं आणि तिखट नेमकं कुठं घालायचं. पहिल्याचं उत्तर कुणीही सांगतं. खरी गंमत दुसऱ्यात आहे आणि हे लिहायला बसले तेही त्यासाठीच.

निमित्त मावसबहिणीच्या मुलाचं. तो अमेरिकेत मिनीआपोलिसला नोकरीला आहे. सुट्टी काढून आला, मनसोक्त तांबडा-पांढरा ओरपून झाला आणि एका सकाळी म्हणाला, "मावशी, आता मी तुम्हाला आमच्याकडचं काहीतरी खायला घालतो." घालतो म्हणाला खरा, पण खाटकाकडं जाण्यापासून तवा घासण्यापर्यंत मी त्याच्याबरोबर होते. तो परत गेल्यावर मी ते करत राहिले, त्यात माझे फेरफार केले, त्यामुळे आता ही कृती माझी म्हणायला हरकत नसावी.

'आमच्याकडचं' म्हणजे जूसी लूसी. दक्षिण मिनीआपोलिसमध्ये सीडर अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्या एकाच रस्त्यावर मॅट्स बार आणि फाइव्ह-एट क्लब अशा दोन जुन्या जागा आहेत आणि चीज पोटात घातलेला बर्गर पहिला आमचाच, असं दोघांचंही म्हणणं. मॅट्स बार १९५४ सालचा. फाइव्ह-एट क्लब त्याच्याही आधीचा. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा, १९२८ मध्ये, चोरटा गुत्ता म्हणून सुरू झालेला. मॅट्सवाल्यांची गोष्ट अशी, की एका गिऱ्हाइकानं दोन पॅटींच्या मध्ये चीज घालून मागितलं, पहिल्याच घासाला ते भसकन बाहेर आलं आणि तोंड पुसता पुसता त्याच्या तोंडून जे निघालं तेच नाव पडलं. २०१४ च्या जूनमध्ये ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना मॅट्समध्ये जाऊन हा बर्गर खाऊन आले, हे भाच्यानं आम्हाला दोनदा ऐकवलं. त्याचा पक्ष मॅट्सचा. मी दोन्हीकडचं खाल्लेलं नाही, तेव्हा त्या भांडणात पडत नाही.

तिथला बर्गर तसा साधाच. गोमांसाचा खिमा, आत पिवळंधमक अमेरिकन चीज, वर परतलेला कांदा आणि लोणच्याच्या काकडीच्या चकत्या. तिखट हवं असेल तर चीजच्या जागी पेपर जॅक, म्हणजे हालापेन्यो मिरचीचे तुकडे घातलेलं चीज. हालापेन्यो किती तिखट असते ते त्यानं आईला समजावून सांगितलं. आई ऐकून म्हणाली, "म्हणजे भज्याची मिरची."

आमच्याकडं खिमा म्हटला की बोकडाचा. त्यात काही नवीन नाही; मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं तेव्हा महाराजा मॅकमध्येही मटणाचीच पॅटी होती, कोंबडी नंतर आली. पण बोकडाच्या मटणाची एक अडचण आहे आणि ती खाटकाच्या दुकानातच सोडवावी लागते.

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात काही वेगळं मागायचं म्हणजे मागच्या रांगेच्या शिव्या खायच्या. म्हणून आम्ही गर्दी नसलेला वार बघून गेलो.

"दादा, खांद्याचं आणि सीन्याचं द्या. खिमा करायचाय."

"खिम्याला मांडीचं घ्या की वैनी. त्यात चरबी नाही."

"चरबीच पाहिजे. वरून आणखी शंभर-सव्वाशे ग्रॅम घाला."

त्यांनी सुरी खाली ठेवली. कोल्हापुरात गिऱ्हाईक चरबी काढा म्हणून भांडतं, घाला म्हणून नाही.

"आणि मशीनमधनं एकदाच काढा. दोनदा नको."

"कबाबाला दोनदा लागतं."

"कबाब नाही करायचा."

"मग काय करताय?"

भाच्यानं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, "चीज आत ऱ्हाईल व्हय?" एवढंच विचारलं, खिमा एकदाच काढला आणि चरबीचे पैसे लावले नाहीत.

चरबीचा हट्ट का, ते सांगते. बर्गरच्या खिम्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी असावी लागते. ती तव्यावर वितळून मांसाच्या कणांमध्ये पसरते, म्हणून पॅटी ओलसर राहते. बोकडाची चरबी असते ती मुख्यतः पोटात, गुर्द्याभोवती. मांसाच्या धाग्यांत फार नसते. त्यामुळे नुसत्या मांडीच्या खिम्याची पॅटी आतून भुसभुशीत, कोरडी होते आणि आकसताना भेगा पडतात. भेग पडली की चीज निघालंच. चार बर्गरांना मी साडेपाचशे ग्रॅम मटण आणि सव्वाशे ग्रॅम चरबी घेते. चरबी मिळाली नाही तर फ्रीझरमधलं लोणी किसून घालते. चवीला थोडं कमी, पण काम भागतं. एक मात्र आहे, बोकडाची चरबी लवकर थिजते आणि टाळूला चिकटते. हा बर्गर गरमच खायचा. 'नंतर खातो' म्हणणाऱ्याला वाढायचाच नाही.

घरी आल्यावर आईचा आणि भाच्याचा पहिला खटका उडाला तो मिठावरून. खिमा परातीत पडल्या पडल्या आईनं मीठ, आलं-लसूण, बारीक कांदा, कोथिंबीर, अंडं आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ काढून ठेवली होती. आपल्या हाताला खिमा दिसला की तो मळायला लागतो, त्याला इलाज नाही. "आजी, काहीही घालू नकोस," तो म्हणाला. "मीठसुद्धा?" "मीठसुद्धा."

कारण सरळ आहे. मीठ घालून खिमा मळला की मांसातली प्रथिनं सुटतात, एकमेकांना धरतात आणि सगळा गोळा चिवट, लवचिक होतो. शिगेवर कबाब टिकतो तो याच जोरावर आणि तिथं तेच हवं असतं. बर्गरला उलटं. तो दातांखाली सुटा व्हायला पाहिजे. म्हणून खिमा हातानं जेमतेम गोळा करायचा, मळायचा नाही, आणि मीठ तव्यावर टाकायच्या अगदी आधी बाहेरून, सढळ हातानं. आईचं म्हणणं पडलं की मग याला चव कुठून येणार. तिचं चुकीचं नव्हतं. चवीची सगळी जबाबदारी मग पोटातल्या चीजवर आणि बाहेरच्या चटणीवर येऊन पडते, आणि तिथंच तिखटाचा प्रश्न उभा राहतो.

आधी चीज. दुकानात गेलात की हात मोझरेलाकडं जातो, कारण पिझ्झ्यावरची तार डोळ्यांसमोर असते. इथं मोझरेला नको. त्याला पाणी सुटतं, आणि जरा निवलं की त्याचा रबरी गोळा होतो. जुनं, मुरलेलं चेडार घेतलं तर ते वितळताना फाटतं, तेल वेगळं आणि घट्ट गुठळी वेगळी. या कामाला आपलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज उत्तम, क्यूब किंवा ब्लॉक. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घातलेले असतात. ते चीजमधलं कॅल्शियम पकडून ठेवतात, त्यामुळे प्रथिनं मोकळी होऊन चरबीला आणि पाण्याला एकत्र धरतात, आणि चीज एकजीव वितळतं. ही युक्ती मूळची स्वित्झर्लंडची, १९११ मधली, वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर या दोघांची. अमेरिकेत जेम्स क्राफ्टनं १९१६ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मॅट्समधलं अमेरिकन चीजही याच घराण्यातलं. चीजचे दर्दी लोक त्याला नाकं मुरडतात. मुरडू देत. पॅटीच्या पोटात त्याला तोड नाही.

आता ठेचा. मंडईतून लवंगी मिरची आणली होती, बोटाच्या पेराएवढी. बिडाच्या तव्यावर थोडं तेल टाकून मूठभर मिरच्या आणि सात-आठ लसणाच्या पाकळ्या टाकल्या. मिरच्यांवर पांढरे फोड आले, मग ते तपकिरी झाले, आणि भाचा खोकत खोकत गॅलरीत गेला. खडेमीठ टाकून तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडलं. शेंगदाणे घातले नाहीत, कारण हा ठेचा चीजमध्ये जाणार होता आणि चीजला दाण्याचा कूट मानवत नाही. मिश्रण रवाळ होतं. पाण्याचा थेंब लावायचा नाही. कच्ची मिरची वाटून घातली तर तिच्यातलं पाणी पॅटीच्या पोटात जाऊन वाफ होतं, आणि कोंडलेली वाफ कुठून तरी वाट काढतेच. भाजल्यानं चव तर येतेच, पण इथं ते पाणी घालवायलाही लागतं.

शंभर ग्रॅम चीज बारीक किसून त्यात सपाट दोन चमचे ठेचा आणि जाडसर कुटलेली मिरी घातली आणि तळहातानं मळलं. खिम्याला जे करायचं नाही ते इथं करायचं. किसलेलं प्रोसेस्ड चीज मळलं की मऊ होतं आणि त्याला हवा तो आकार देता येतो. चार चपट्या टिकल्या केल्या, पाच सेंटिमीटर रुंद, सेंटिमीटरभरही जाड नाहीत अशा, आणि फ्रीझरमध्ये ठेवल्या. चीज गार असलं की वितळायला उशीर लावतं आणि तेवढ्यात बाहेरचा खिमा घट्ट होऊन दार लावून घेतो.

पहिल्या खेपेचे बर्गर झाले तेव्हा आम्ही सगळेच बुचकळ्यात पडलो. लवंगीचा ठेचा, तोही दोन चमचे, आणि घास घेतल्यावर तिखट जवळजवळ लागतच नव्हतं. वास मिरचीचा, चव लसणाची, पण झणका नाही. आईनं बोटावर उरलेला ठेचा घेऊन चाटला. तो व्यवस्थित जाळत होता. मग घासभर खाऊन झाल्यावर, चीज घशाखाली उतरल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूला हळूच काहीतरी पेटलं. उशिरा आणि अर्ध्या आवाजात.

याचं कारण चीजमध्येच आहे. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्याचा. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं, आणि दुधातलं केसिन हे प्रथिन त्याला जिभेवरून पकडून घेऊन जातं. तिखट लागलं की पाण्याऐवजी दूध प्या म्हणतात ते यासाठीच. म्हणजे आम्ही ठेचा अशा ठिकाणी कोंडला होता जिथं त्याचा उताराही शेजारीच बसला होता. अमेरिकेतल्या पेपर जॅकचंही तेच होत असणार. मिरची दिसते, चावते कमी.

भाचा म्हणाला, "मग आत ठेचा डबल करू." केलं. चीज कडवट, हिरवट झालं आणि ठेच्याच्या तेलानं ते जास्तच पातळ झालं. उपाय वेगळा निघाला. आतला ठेचा वास आणि चव देण्यासाठी, तेवढाच ठेवायचा. झणका बाहेरून द्यायचा, आणि ज्या जागी दूधदुभतं नाही त्या जागी. म्हणजे चक्का किंवा दह्याचा सॉस बाद. मेयोनीज चालतं, कारण त्यात अंडं आणि तेल असतं, दूध नाही. मी थोडा ठेचा बाजूला काढून त्यात लिंबू पिळते, चमचाभर मेयोनीज घालते आणि खालच्या पावाला लावते. खाताना पावाची ही खालची बाजू आधी जिभेला लागते. आधी जाळ, मग मटण, मग चीज येऊन तो जाळ विझवतं, आणि पुढच्या घासाला पुन्हा जाळ. हा क्रम सापडला तेव्हा बर्गर आमच्या घरचा झाला.

तिखटाची तिसरी जागा कांदा-लसूण मसाल्याची. तो खिम्याला बाहेरून चोळावा असं कुणालाही वाटेल. पण त्यात खोबरं, तीळ, भाजलेला कांदा-लसूण असतो. तापल्या बिडावर तो मटण व्हायच्या आत करपतो आणि कडू लागतो. त्यापेक्षा पॅटी काढून घेतल्यावर गॅस बंद करायचा, तव्यात उरलेल्या चरबीत अर्धा चमचा मसाला टाकायचा. तो तिथं फसफसून लालभडक कट सुटतो. हा कट वरच्या पावाच्या आतल्या बाजूला लावायचा. एवढं केलं की आईला चवीबद्दल बोलायला जागा राहिली नाही.

आता आकार देणं. आपली सवय पुरणपोळीच्या उंड्याची: पारी हातावर घ्यायची, मधे पुरण ठेवायचं, कडा वर ओढून तोंड बंद करायचं. खिम्याला ही पद्धत चालत नाही, कारण तोंड मिटतं तिथं मांसाचा जाड गठ्ठा जमतो आणि दुसऱ्या बाजूला पातळ पापुद्रा उरतो. जाड बाजू कच्ची राहते, पातळ बाजू फुटते. त्यापेक्षा दोन चकत्या कराव्यात. ऐंशी-ऐंशी ग्रॅमचे गोळे तोलून घ्यायचे, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून ताटलीच्या बुडानं दाबायचे. चकती पावापेक्षा बोटभर रुंद हवी, कारण तव्यावर ती चांगलीच आकसते. खालच्या चकतीवर मधोमध चीजची टिकली, चारी बाजूंनी दोन बोटांची मोकळी कड, वर दुसरी चकती. कडा ओल्या बोटांनी चिमटून बंद करायच्या, मग तळहातांत धरून कड फिरवत गोल करायची. फक्त या कडेला थोडं जास्त चोळलं तरी चालतं, उलट चोळावंच. तिथं चिवटपणा आपल्या फायद्याचा. मग अर्धा तास फ्रीजमध्ये.

साध्या बर्गरला मधोमध अंगठ्यानं खळगा करतात, तो फुगू नये म्हणून. इथं तो करायचा नाही. खळग्याखाली चीज आहे.

तवा बिडाचाच घ्या. नॉनस्टिक तवा तेवढा तापवू नये आणि पातळ ॲल्युमिनियमचा मधे जळतो, कडेला गार राहतो. बीड चांगलं तापलं, पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचून उडाला, की पॅटीला दोन्ही बाजूंनी मीठ लावायचं आणि तव्यात सोडायची. आवाज मोठा आला पाहिजे. सोडल्यावर आच मध्यम करायची आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड. मांसाला तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास येतो तो पृष्ठभाग कोरडा होऊन एकशेचाळीस अंशांच्या आसपास गेल्यावर. सारखं हलवलं तर पाणी सुटतं आणि पॅटी भाजण्याऐवजी शिजते. उलथण्यानं दाबायचं तर मुळीच नाही. साध्या बर्गरमधून दाबल्यावर रस जातो, इथं चीज जातं.

उलटल्यावर लगेच टूथपिकनं वरून एक बारीक भोक पाडायचं, चीजपर्यंत. चीजमध्येही पाणी असतं, त्याची वाफ या भोकातून निघून जाते आणि कड शाबूत राहते. आमच्या चारांपैकी एकीला भोक पाडायचं राहून गेलं. तिच्या कडेला आधी एक पांढरा बुडबुडा दिसला, मोठा झाला, बसला, पुन्हा मोठा झाला, आणि मग चीजचा पाट तव्यावर वाहत गेला. तो खरपूस होऊन त्याची तांबूस जाळी झाली. भाच्यानं ती उलथण्यानं खरवडून उभ्या उभ्या खाल्ली आणि सगळ्यात चांगला भाग हाच आहे म्हणाला. फुटलेली पॅटी वाया जात नाही, एवढंच सांगायचं होतं.

दुसऱ्या बाजूनंही चार मिनिटं, शेवटचा मिनिटभर झाकण. खिमा आतपर्यंत शिजला पाहिजे, इथं तडजोड नाही. अखंड मटणाच्या तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते मशीननं सगळीकडं पसरवलेले असतात. अमेरिकेतल्या नियमांत खिम्यासाठी एकाहत्तर अंश सेल्सियस तापमान दिलं आहे, कोंबडीसाठी चौऱ्याहत्तर. भाच्यानं येताना सुईचा थर्मामीटर आणला होता. तो बाजूनं, आडवा, मांसात खुपसायचा; मधे खुपसला तर चीजचं तापमान कळतं आणि ते उपयोगाचं नाही. थर्मामीटर नसेल तर मिनिट-दीड मिनिट जास्त ठेवा. चरबी पुरेशी असली की तेवढ्यानं कोरडं पडत नाही.

पावाचं फार सांगण्यासारखं नाही. बेकरीतला साधा गोल बन, जरासा गोडसर, मधे कापून आतल्या बाजूनं लोणी लावून भाजलेला. लादीपाव लहान पडतो. कडक पाव आम्ही हौसेनं आणून बघितला, पण त्याला दात लावताना जोर लागतो आणि त्या जोरानं आतलं सगळं पलीकडून बाहेर येतं. पाव मऊच हवा. वर कांद्याच्या जाड चकत्या त्याच तव्यात परतून, आणि काकडीच्या पातळ चकत्या व्हिनेगर, मीठ, साखरेत तासभर मुरवून. टोमॅटो घालू नका, पाणी सुटतं. लेट्यूसची पानं मला इथं निरर्थक वाटतात.

पॅटी तव्यावरून काढल्यावर तीन-चार मिनिटं तशीच ठेवायची. भाचा घड्याळ बघत होता. "मावशी, लगेच चावायचं नाही. तिथं वाढतानाच बजावतात." बरोबरच आहे. बाहेरचा खिमा निवतो, आत कोंडलेलं चीज निवत नाही, आणि वितळलेलं चीज जिभेला चिकटून राहतं. आई ऐकून न ऐकल्यासारखं करून पाव बाजूला सारत होती. तिनं पॅटी मोडली, आतलं हिरवट-पिवळं चीज ताटलीभर पसरलं, आणि सकाळच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा त्यात बुडवला. "पावापेक्षा हे बरं," म्हणाली. भाच्याच्या चेहऱ्यावर मॅट्स बारचा अपमान झाल्याचे भाव होते. मग त्यानंही एक तुकडा बुडवून बघितला आणि काही बोलला नाही.

घरात शाकाहारी माणसं असतील तर त्यांचा बर्गर उलट सोपा आहे. मटण आकसतं आणि आकसताना चीजला पिळून काढतं. बटाटा आकसत नाही. बटाटे उकडून पूर्ण गार करायचे, शक्य तर आदल्या दिवशीच, म्हणजे त्यांचा चिकटपणा जातो. किसून त्यात मूठभर पोह्यांची भरड, आलं, मीठ. इथं मीठ आधी घातलं तरी काही बिघडत नाही. आत तीच ठेच्याची टिकली. ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलं तर ते कटलेट होतं, म्हणून मी नुसतं तव्यावर थोड्या तेलात भाजते. कोंबडीच्या खिम्याचाही केला होता. चिकट असल्यानं कड छान बंद होते, पण चवीला मवाळ. चीज आणि कोंबडी दोघंही गरीब स्वभावाची. मुलांना आवडतो.

जास्तीच्या पॅटी करून ठेवायच्या तर कच्च्याच ठेवाव्यात, मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवल्या की सकाळी भाजता येतात; दगडासारख्या टणक असतानाच तव्यात टाकल्या तर बाहेरून काळ्या आणि आतून कच्च्या. भाजलेली पॅटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची नाही, आतलं चीज उडतं आणि मग ओव्हन आतून पुसत बसावं लागतं. उरलेलं ठेच्याचं चीज फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगलं राहतं. आमच्याकडं ते डब्याच्या पराठ्यात जातं, त्यामुळे आता ते करतानाच मी दुप्पट करते.